ब्लॉकेज ४० टक्के, तरी झटका कसा येतो?

अँजिओग्राफीच्या अहवालात ‘४० टक्के’ वाचले की घरातल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. स्टेंट नको, बायपास नको. हा दिलासा अर्धाच खरा आहे. जिना चढताना छातीत दुखेल का, हे धमनी किती अरुंद झाली त्यावर ठरते. हृदयविकाराचा झटका येईल का, हे मात्र बरेचसे धमनीच्या भिंतीत साठलेल्या थराच्या आत काय चालले आहे त्यावर ठरते. अनेक झटके अशा जागी येतात, जिथे आधी धमनी निम्मीही बंद नव्हती. उरलेली वाट कोलेस्टेरॉल नव्हे, रक्ताची गुठळी बंद करते आणि त्याला काही मिनिटे पुरतात.

सुरुवात मात्र फार आधी होते. कोरियाच्या युद्धात मरण पावलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांच्या शवविच्छेदनाचे निष्कर्ष १९५३ साली प्रसिद्ध झाले. सरासरी वय २२ वर्षे, आणि ७७ टक्के जणांच्या हृदयाच्या धमन्यांत रोगाच्या खुणा होत्या.

एलडीएल, म्हणजे रक्तातून ‘वाईट’ कोलेस्टेरॉल वाहून नेणारा कण, जेमतेम २२ नॅनोमीटरचा. तो धमनीच्या अस्तरापलीकडे शिरतो, तिथल्या प्रोटिओग्लायकन नावाच्या चिकट रेणूंना चिकटतो आणि ऑक्सिडीकरणाने बदलतो. रक्तात एलडीएल जितके जास्त आणि जितकी जास्त वर्षे, तितके जास्त कण अडकतात. बदललेला कण शरीराला परका वाटतो. अस्तराच्या पेशी पृष्ठभागावर चिकट प्रथिने आणतात, त्यांना धरून पांढऱ्या पेशी भिंतीत उतरतात आणि मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशी बनतात.

इथे एक घातक फरक आहे. सामान्य पेशीला पुरेसे कोलेस्टेरॉल मिळाले की ती एलडीएल आत घेणारी दारे कमी करते. ही यंत्रणा उलगडणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चे नोबेल मिळाले. भक्षक पेशी बिघडलेले एलडीएल ज्या दाराने घेते, त्याला असा लगाम नाही. ती खात राहते, चरबीच्या थेंबांनी फुगते आणि शेवटी मरते. मेलेल्या पेशी वेळेवर उचलल्या गेल्या नाहीत की चरबी आणि मृत पेशींचा लगदा साठतो. धमनीच्या भिंतीत झालेले हे गळूच. शरीर त्यावर कोलॅजन या चिवट प्रथिनाचे तंतुमय आवरण घालते, आणि ते शाबूत असेपर्यंत माणसाला बहुधा काही कळत नाही.

ते कमकुवत करते ती प्रतिकारशक्तीच. भक्षक पेशी कोलॅजन तोडणारी विकरे सोडतात. टी-पेशी या पांढऱ्या पेशींनी सोडलेले इंटरफेरॉन गॅमा हे रसायन नवे कोलॅजन बनू देत नाही. लगद्यातले कोलेस्टेरॉलचे स्फटिक भक्षक पेशींत दाहाची यंत्रणा सुरू करतात, इंटरल्यूकिन-१ बीटा हा दाहाचा निरोप देणारा रेणू सुटतो, त्यातून तसेच दुसरे इंटरल्यूकिन-६ वाढते. मग यकृत सीआरपी, म्हणजे रक्तात दाह किती आहे हे दाखवणारे प्रथिन, आणि फायब्रिनोजेन जास्त बनवते. फायब्रिनोजेन म्हणजे गुठळीचा कच्चा माल. ६५ मायक्रोमीटरपेक्षा, म्हणजे मिलिमीटरच्या सुमारे पंधराव्या भागापेक्षा पातळ आवरण सर्वांत धोक्याचे मानतात.

आवरण बहुधा कडेला फाटते, कारण भक्षक पेशी तिथेच दाटलेल्या असतात. लगद्यातला टिश्यू फॅक्टर, म्हणजे गोठण्याची सुरुवात करणारे प्रथिन, रक्ताला भिडतो, थ्रॉम्बिन हे विकर तयार होते आणि ते फायब्रिनोजेनचे फायब्रिनच्या धाग्यांत रूपांतर करते. तोवर उघड्या कोलॅजनला प्लेटलेट चिकटतात आणि रसायने सोडून आणखी प्लेटलेट बोलावतात. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी तर स्वतःचा डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकतात. २००४ मध्ये जंतू पकडण्याचे साधन म्हणून वर्णन झालेल्या या जाळ्यात प्लेटलेटही अडकतात आणि गुठळी घट्ट होते. जखमेतून रक्त जाऊ न देणे आणि जंतू आत येऊ न देणे ही मुळात जुळी कामे. ओडिशाच्या किनाऱ्यावर सापडणाऱ्या नालखेकड्यात ती दोन्ही एकाच प्रकारच्या रक्तपेशी करतात.

दाहाचा वाटा माणसांत सिद्ध झाला तो २०१७ मध्ये. झटका येऊन गेलेल्या आणि सीआरपी वाढलेल्या दहा हजारांवर रुग्णांच्या चाचणीत इंटरल्यूकिन-१ बीटा रोखणाऱ्या कॅनाकिनुमॅब या औषधाने, १५० मिलिग्रॅमच्या मात्रेत, झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण १५ टक्क्यांनी घटले. एलडीएल होते तितकेच राहिले. पण जीवघेणे संसर्ग थोडे वाढले. ज्या यंत्रणेला आवर घालायचा, तीच जंतूंशीही लढते. संसर्गाचा परिणाम उलट बाजूनेही दिसतो. कॅनडातल्या २०१८ च्या अभ्यासात फ्लूचे निदान झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत झटक्याचे प्रमाण सहापट आढळले. म्हणूनच हृदयरुग्णांनी दरवर्षी फ्लूची लस घ्यावी.

मोठे नुकसान होते ते ‘कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट नॉर्मल आला’ म्हणून स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, बंद केल्याने. स्टॅटिनने ब्लॉकेजचा आकडा फारसा हलत नाही, पण लगदा आटतो, दाह उतरतो आणि आवरण जाड होते. आणि रिपोर्ट चांगला आहे तोही गोळी चालू आहे म्हणून.

ॲस्पिरिनचे काम वेगळे. ते प्लेटलेटमधले एक विकर कायमचे बंद करते. प्लेटलेटला केंद्रक नसल्याने तिला नवे बनवता येत नाही, म्हणून तिच्या सात ते दहा दिवसांच्या आयुष्यभर परिणाम टिकतो. निरोगी माणसाने मात्र ते मनाने रोज घेऊ नये, पोटात किंवा मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. उलट स्टेंट बसवलेल्याने प्लेटलेटवरच्या दोन गोळ्या दात काढण्यासाठीही डॉक्टरांना न विचारता थांबवू नयेत. स्टेंटच्या उघड्या धातूवर गुठळी होऊ शकते.

छातीत दाब, घाम, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ असेल, तर ‘गॅस असेल’ म्हणत तास घालवू नका. १०८ ला फोन करा आणि ईसीजीची सोय असलेले रुग्णालय गाठा. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन पहिल्या काही तासांत सर्वाधिक उपयोगी पडते, बारा तासांनंतर सहसा देत नाहीत. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल, तर ३०० मिलिग्रॅम, म्हणजे ७५ च्या चार गोळ्या, चावून खाव्यात. या गोळ्यांवर बहुधा आतड्यात विरघळणारे वेष्टण असते. अख्ख्या गिळल्या तर परिणामाला उशीर होतो.