मंडप पालिकेचा, आवाज पोलिसांचा

गणपती जवळ आले की वॉर्ड ऑफिसात मंडळांच्या कार्यकर्त्यांची वर्दळ वाढते. मंडपाच्या अर्जासाठी स्थानिक पोलीस ठाणे, वाहतूक पोलीस, अग्निशमन दल अशा सगळ्यांची ना-हरकत लागते. एवढे सोपस्कार होऊनही उत्सवाच्या रात्री खिडकीच्या काचा थरथरतात, आणि पालिकेकडे तक्रार नेली तर ‘पोलिसांना सांगा’ असे उत्तर मिळते. ही टोलवाटोलवी वाटते. पण मुळात मंडपाची परवानगी आणि आवाजावरचा अंकुश वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या काळजीपोटी जन्माला आले आहेत.

मंडपाची परवानगी रस्त्यासाठी आहे. मुंबई महापालिकेचा कायदा १८८८चा, म्हणजे गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणपती बसला त्याहून जुना. त्याच्या कलम ३१७नुसार सणासमारंभासाठी रस्त्यावर तात्पुरता मांडव घालण्याची परवानगी पालिका आयुक्त पोलीस आयुक्तांच्या संमतीने देतात. पुणे-ठाण्यासारख्या शहरांना लागू असलेल्या १९४९च्या कायद्यात हेच काम कलम २३४ करते. खांबांसाठी खणलेले खड्डे कोण बुजवणार, रस्ता किती मोकळा राहणार, मांडव कधी उतरवणार, ही या कलमांची चिंता. आवाज त्यांच्या कक्षेतच नाही.

वाद्यांवरचा अंकुश पोलिसांकडे गेला तो शांतताभंगाच्या भीतीने. ऑगस्ट १८९३मध्ये मुंबईत मोठी दंगल झाली. मशिदीसमोरून मिरवणूक वाजतगाजत न्यावी की नाही, हा त्या दशकातला धगधगता वाद होता. स्वातंत्र्यानंतर १९५१च्या पोलीस कायद्याने रस्त्यावरचे वाद्यवादन आणि लाऊडस्पीकर यांच्या नियमनाचे अधिकार पोलिसांकडेच ठेवले. शेजारच्या आजाऱ्याला त्रास होतो म्हणून आवाज थांबवण्याची सोयही त्यात होती. पण त्रास किती हे मोजायचे कशाने? आकडा कुठेच नव्हता. सगळे अधिकाऱ्याच्या मनावर.

हा आकडा मिळवण्यासाठी नागरिकांना कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या, याचे मला आजही वाईट वाटते. डॉ. यशवंत ओक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. ध्वनिप्रदूषण हा आरोग्याचा प्रश्न आहे, हे तेव्हा न्यायालयाला पटवून द्यावे लागत होते. पुढे केंद्राने पर्यावरण संरक्षण कायद्याखाली फेब्रुवारी २०००मध्ये ध्वनिप्रदूषण नियम आणले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. डेसिबलचे गणित फसवे असते. दर १० डेसिबलला ध्वनीची तीव्रता दसपट होते, म्हणून ५५वरून ७५वर जाणे म्हणजे शंभरपट.

२००२च्या दुरुस्तीने वर्षातले १५ दिवस ही वेळ रात्री १२पर्यंत नेण्याची मुभा राज्यांना दिली. या मुभेचा अर्थ आजही सर्रास चुकीचा लावला जातो. सवलत वेळेची आहे, आवाजाच्या पातळीची नाही. १८ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सविस्तर निकाल दिला. त्या प्रकरणाची सुरुवात काळीज हलवणारी आहे : लाऊडस्पीकरच्या गदारोळात बलात्कार होत असलेल्या १३ वर्षांच्या मुलीचा आक्रोश कुणाला ऐकू गेला नव्हता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यायालयाने १५ दिवसांची सवलत मात्र वैध ठरवली.

महाराष्ट्रात हे दोन्ही धागे एकत्र बांधले ते ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेने. न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने मार्च २०१५मध्ये आणि पुढे ऑगस्ट २०१६च्या निकालात मंडप आणि आवाज हे प्रश्न एकत्र हाताळले. वाहतूक आणि पादचारी यांची वाट अडवणाऱ्या मंडपांना परवानगी नको, पालिकांनी त्यासाठी धोरण आखावे, उत्सवाआधी महसूल अधिकाऱ्यांच्या पथकांनी मंडपांची पाहणी करावी, पोलिसांना आवाज मोजण्याची यंत्रे द्यावीत, असे आदेश निघाले. माझ्या मते परवानगीच्या या इतिहासातले खरे वळण हेच. मुंबई पालिकेने २०१८पासून मंडपासाठी ऑनलाइन एक खिडकी सुरू केली, ती याच दबावाच्या काळात.

पण त्याच सुमारास दुसऱ्या बाजूने बांध फुटला. रुग्णालये, शाळा, न्यायालये यांच्याभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र मानला जाई. १० ऑगस्ट २०१७च्या दुरुस्तीने राज्य सरकारने जाहीर केल्याशिवाय तो तसा राहिला नाही. उच्च न्यायालयाने १ सप्टेंबरला या दुरुस्तीला स्थगिती दिली आणि अवघ्या तीन दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने ती स्थगितीच रोखली. अनंत चतुर्दशी दुसऱ्याच दिवशी होती.

मंडळांची बाजूही मला कळते. चाळीतल्या पोरांना वर्षभर जोडून ठेवणारा हा उत्सव आहे, आणि ढोल-ताशाचा नाद ऐकून माझेही पाय थांबतात. रस्त्यावर आणि कानावर हक्क शेजाऱ्यांचाही आहे, इतकेच. जानेवारी २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाऊडस्पीकर हा धर्माचा अत्यावश्यक भाग नाही असे सांगितले, आणि पोलिसांना बजावले की तक्रार करणाऱ्याची ओळख विचारू नये, कळली तरी ती उघड करू नये.