‘सहा महिन्यांत सुधारलं तेवढंच’ हे खरं नाही

कराडला आमच्या गल्लीतला एक पोरगा गाडीवरून पडला, डोक्याला मार लागला. त्याच्या आईला जो तो सांगायचा, सहा महिन्यांत सुधारेल तेवढंच, पुढं काही नाही. हे साफ चूक आहे. अमेरिकेत १९८७ पासून अशा रुग्णांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा चालू आहे. २०२१ मध्ये तिथल्याच एका अभ्यासात, दोन आठवड्यांनंतरही डोळे उघडे पण भान नाही अशा अवस्थेतले ७८ टक्के रुग्ण वर्षभरात भानावर आले. सुधारणेचा वेग पुढं मंदावतो, पण ती थांबतेच असं नाही. काहींची तब्येत नंतर खालावतेही. म्हणून तर तपासण्या, व्यायाम मध्येच सोडू नका.

दीड वर्षानं परवा तो पोरगा शर्टाची बटणं स्वतः लावत होता. तिसऱ्या बटणाला बोटं अडली, पण आईला हात लावू दिला नाही.