साखरेचे दुसरे दार

‘बसणे म्हणजे नवे धूम्रपान’ हे वाक्य गेली काही वर्षे आरोग्य पुरवण्यांतून आणि जाहिरातींतून इतक्या वेळा छापले गेले आहे की तो एखाद्या प्रयोगाचा निष्कर्ष असावा, असे वाटू लागते. तसे ते नाही. दिवसाकाठी आठ तासांहून अधिक बसणाऱ्यांमध्ये अकाली मृत्यूचा धोका साधारण १० ते २० टक्क्यांनी वाढलेला आढळतो. धूम्रपानामुळे तो १८० टक्क्यांच्या आसपास वाढतो. या अतिशयोक्तीने दोघांचे नुकसान होते. सिगारेट ओढणाऱ्याला आपले व्यसन कचेरीतल्या नोकरीइतकेच सामान्य वाटू लागते आणि कचेरीत बसणारा घाबरून उभ्याने काम करण्याचे महागडे टेबल विकत घेतो. याच्या उलट टोकाचा गैरसमजही तितकाच पसरलेला आहे. पहाटे तासभर चालून आले की उरलेला दिवस कसाही घालवला तरी चालते, असे मानणारी मंडळी प्रत्येक बागेत भेटतात. या दोन टोकांच्या मधले सत्य अधिक रंजक आहे आणि ते समजण्यासाठी स्नायूच्या पेशीत डोकावावे लागते.

त्याआधी या संशोधनाच्या सुरुवातीविषयी थोडेसे. लंडनच्या दुमजली बसमध्ये एकाच पगारगटातील, एकाच शहरात राहणारी दोन माणसे रोज एकत्र काम करत. चालक पाळीचा बहुतेक वेळ बसून असे, तर कंडक्टर तिकिटे देण्यासाठी दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढत असे. जेरेमी मॉरिस या साथरोगतज्ज्ञाने ३५ ते ६४ वयाच्या सुमारे ३१ हजार वाहतूक कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासल्या आणि कंडक्टरांमध्ये हृदयविकार चालकांपेक्षा स्पष्टपणे कमी असल्याचे १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दाखवून दिले. मुळातच स्थूल असलेली माणसे चालक होत असतील, हा आक्षेप मॉरिस यांनाही सुचला होता. त्यांनी कर्मचाऱ्यांच्या गणवेशाच्या विजारींची मापे मिळवली. चालकांची कंबर खरोखरच मोठी निघाली. परंतु सडपातळ चालकांची सडपातळ कंडक्टरांशी तुलना केली तरी कंडक्टरांची बाजू सरसच राहिली. शिंप्याच्या मापांतून हृदयविकाराचा माग काढणारे हे संशोधन मला आजही शास्त्रीय कल्पकतेचा उत्तम नमुना वाटते.

बसण्याने नेमके काय बिघडते? उष्मांक कमी खर्च होतात, हे उत्तर पहिल्यांदा सुचते, पण ते अपुरे आहे. ६५ किलो वजनाच्या माणसाने सहा तास बसण्याऐवजी नुसते उभे राहून काढले, तर जेमतेम ५४ किलोकॅलरी अधिक खर्च होतात, म्हणजे एका छोट्या पोळीपेक्षाही कमी. उत्तर दुसरीकडे आहे.

जेवणानंतर रक्तात ग्लुकोज वाढते, स्वादुपिंड इन्शुलिन सोडते आणि इन्शुलिनमुळे ग्लुकोज पेशीत शिरते, एवढे आपण शाळेत शिकलेलो असतो. ग्लुकोज पेशीपटलातून आपोआप आत जात नाही. त्यासाठी पटलावर वाहक प्रथिन असावे लागते. स्नायू आणि मेदपेशींमध्ये या प्रथिनाचे नाव आहे ग्लूट-४. गंमत अशी की विश्रांतीच्या वेळी हे प्रथिन पटलावर फारसे नसतेच. ते पेशीच्या आत, सूक्ष्म पिशव्यांमध्ये साठवून ठेवलेले असते. इन्शुलिन पेशीच्या ग्राहीला, म्हणजे त्याचा निरोप घेणाऱ्या पटलावरच्या प्रथिनाला, चिकटले की आत संदेशांची साखळी सुरू होते, तिच्या शेवटी त्या पिशव्यांना अडवून ठेवणारे प्रथिन बाजूला होते, पिशव्या पटलाकडे सरकतात, त्यात मिसळतात आणि ग्लुकोजसाठी दारे उघडतात. टाइप-२ मधुमेहात आणि त्याच्या आधीच्या अवस्थेत बिघडते ती ही साखळी. इन्शुलिन असते, पण त्याचा निरोप आतपर्यंत नीट पोहोचत नाही.

मात्र या दारांना दुसरी कळही आहे. १९६५ मध्ये हॉलॉझी आणि नाराहारा यांनी बेडकाचा स्नायू शरीराबाहेर काढून, ज्या शर्करेचे पेशीत पुढे ज्वलन होत नाही अशा शर्करेच्या द्रावणात ठेवला. अशी शर्करा वापरल्यामुळे फक्त ‘आत किती गेले’ एवढेच मोजता येत होते. स्नायूला विजेचे धक्के देऊन आकुंचित केल्यावर, इन्शुलिनची मदत नसतानाही, शर्करा आत शिरण्याचा वेग वाढला. ग्लूट-४ची ओळख पटायला त्यानंतर दोन दशकांहून अधिक काळ जावा लागला. आज या घटनेची साखळी बरीचशी उलगडलेली आहे. आकुंचनासाठी स्नायूपेशीत कॅल्शियमचे आयन मोकळे होतात, एटीपी हे पेशीचे ऊर्जावाहक रसायन खर्च होऊन त्यातून उरणाऱ्या एएमपीचे प्रमाण वाढते, ही वाढ ओळखणारे एएमपीके हे विकर (एन्झाइम) जागे होते आणि तेही शेवटी त्याच पिशव्यांना पटलाकडे पाठवते. दोन्ही वाटा अखेरीस एकाच ठिकाणी पोहोचतात, पण त्यांची सुरुवात वेगळी असल्यामुळे पहिली वाट अडलेली असताना दुसरी चालू राहते. मधुमेही आणि निरोगी व्यक्तींना सायकल चालवायला लावून त्यांच्या मांडीच्या स्नायूचे नमुने तपासले असता, दोन्ही गटांत पटलावरचे ग्लूट-४ जवळपास सारख्याच प्रमाणात वाढलेले आढळले. मधुमेहावर म्हणून विकली जाणारी चुंबकीय कडी आणि तांब्याच्या अंगठ्या यांपैकी काहीच करू शकत नाहीत, कारण अंगावरच्या धातूमुळे मांडीतला एकही तंतू आकुंचन पावत नाही.

खुर्चीत बसल्यावर शरीरातले सर्वांत मोठे स्नायू, म्हणजे मांडीचे, नितंबांचे आणि पोटरीचे, जवळजवळ निष्क्रिय होतात. आकुंचनाने उघडणारे त्यांचे दुसरे दार तासन्‌तास बंद राहते आणि नाश्ता, दुपारचे जेवण, चारचा चहा-बिस्किटे यांचा सारा भार एकट्या इन्शुलिनवर पडतो. ऑस्ट्रेलियात डेव्हिड डन्स्टन आणि सहकाऱ्यांनी १९ स्थूल व्यक्तींना ठरावीक साखर आणि मेद असलेले पेय देऊन पाच तास बसवले. दर वीस मिनिटांनी फक्त दोन मिनिटे सावकाश चालायला लावल्यावर रक्तशर्करेची वाढ सुमारे २४ टक्क्यांनी घटली. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील २०२३ चा प्रयोग आणखी बारकाईचा आहे. त्यात दर तासाला एक मिनिट चालण्यानेही रक्तदाब चार ते पाच अंकांनी उतरला, पण साखरेत लक्षणीय फरक पडण्यासाठी दर अर्ध्या तासाला पाच मिनिटे चालावे लागले. त्यात अवघे ११ जण होते, त्यामुळे हे आकडे मी दिशा दाखवणारे मानतो.

मग पहाटेचे चालणे व्यर्थ का? अजिबात नाही. दहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. रोज ६० ते ७५ मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करणाऱ्यांमध्ये दीर्घकाळ बसण्याशी जोडलेला मृत्यूचा वाढीव धोका जवळजवळ नाहीसा झालेला त्यात दिसला. परंतु ही मात्रा जागतिक आरोग्य संघटनेच्या आठवड्याला किमान १५० मिनिटांच्या शिफारशीहून कितीतरी मोठी आहे आणि भारतात त्या किमान मात्रेपर्यंतही २०२२ मध्ये जवळपास निम्मे प्रौढ पोहोचत नव्हते.

आपल्यासाठी याला एक जास्तीचा पैलू आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोन डॉक्टरांचा एकत्र फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला. दोघांचा देहभार निर्देशांक (बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन) अगदी सारखा, २२.३, मात्र शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाट्यावर सडपातळ ठरणाऱ्या भारतीय शरीरात स्नायू कमी आणि चरबी अधिक असते. साखर सामावून घेणारा स्नायूच मुळात कमी असेल, तर तो दिवसभर निष्क्रिय ठेवणे आपल्याला अधिक महागात पडते, असे मला वाटते.

जेवणानंतर शतपावली करावी, हे घरोघरी सांगितले जाते. रक्तशर्करा चढत असतानाच स्नायू कामाला लावणे, हे वर सांगितलेल्या यंत्रणेला अगदी धरून आहे. शंभर पावले टाकायला मात्र जेमतेम एक मिनिट लागते, तेव्हा कोलंबियातील प्रयोगाच्या हिशेबाने शंभराची पाचशे करणे बरे. मधुमेहासाठी इन्शुलिनची इंजेक्शने किंवा स्वादुपिंडाला चालना देणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र चालण्यात मोठी वाढ करण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्यावे, कारण दोन्ही दारांचा परिणाम एकमेकांत मिळवला जातो आणि औषधाची मात्रा तीच राहिली तर साखर गरजेपेक्षा खाली उतरू शकते.