मिरज वैद्यकीय मिशन
मिरज वैद्यकीय मिशन : अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन चर्चने दक्षिण महाराष्ट्रात उभारलेले रुग्णसेवेचे व वैद्यकीय शिक्षणाचे कार्य. सांगली-मिरज भागात लोक त्याला नुसते ‘मिशन हॉस्पिटल’ म्हणतात.

अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर यांनी १८५२ मध्ये कोल्हापुरात मिशनचे ठाणे घातले. पुढे ते प्रेस्बिटेरियन मंडळाकडे आले. वैद्यकीय कामाला खरा जोर आला तो डॉ. विल्यम जेम्स वानलेस (१८६५–१९३३) यांच्यामुळे. कॅनडात जन्मलेले हे शल्यविशारद १८८९ मध्ये भारतात आले व प्रथम सांगलीत त्यांनी छोटा दवाखाना चालवला. मिरजेत संस्थानाने जागा दिली, फिलाडेल्फियाचे उद्योगपती जॉन कॉन्व्हर्स यांनी इमारतीसाठी पैसा दिला आणि १८९४ मध्ये रुग्णालय सुरू झाले. मिरज रेल्वेचे जंक्शन असल्याने लांबलांबचे रुग्ण इथे येऊ शकत. मोतीबिंदूने अंध झालेला माणूस नातलगाचा हात धरून यायचा आणि शस्त्रक्रियेनंतर पट्टी सुटली की स्वतःच्या डोळ्यांनी रस्ता पाहत घरी जायचा. अशा एकेका माणसामागे त्याच्या गावातले आणखी रुग्ण मिरजेची गाडी धरत.

मिशनने पाठवलेले डॉक्टर व परिचारिका ठराविक निर्वाहवेतनावर येत. मायदेशात खाजगी व्यवसायात मिळाली असती त्या मानाने ही रक्कम थोडी असे. आल्यावर पहिले काम मराठी शिकण्याचे. काही वर्षांनी रजेवर मायदेशी गेले, की तिथल्या मंडळ्यांपुढे भाषणे करून निधी जमवावा लागे. समुद्र न ओलांडलेले स्वयंसेवकही या कामात होते. अमेरिकन चर्चमधल्या स्त्रिया एकत्र बसून जुन्या चादरी फाडत, त्यांच्या पट्ट्या गुंडाळत आणि खोकी भरून परदेशी मिशन दवाखान्यांकडे पाठवत. परदेशी सेवेच्या इतिहासात या हातांची नोंद फार थोडी झाली आहे.

उपचारांबरोबर धर्मप्रसार हा मिशनचा उघड हेतू होता, आणि त्यावर समाजातून आक्षेपही घेतले गेले. ते गैरलागू म्हणता येणार नाहीत. तरीही या कार्याचे मोल ठरवताना १८९७ मध्ये निघालेल्या वैद्यकीय शाळेकडे प्रथम पाहावे लागते. ख्रिस्ती मिशनांनी भारतात चालवलेल्या अशा शाळांत ती अगदी पहिल्यांपैकी होती. परदेशी डॉक्टर रजेवर गेला, त्याची प्रकृती ढासळली किंवा निधी आटला तर एकट्याच्या कौशल्यावर उभा दवाखाना बंद पडतो. इथे शिकलेली इथलीच माणसे मात्र इतर गावांत जाऊन काम करू शकत होती. परिचारिकांचे शिक्षणही मिरजेत सुरू झाले. त्या काळी परक्या रुग्णाची शुश्रूषा हे प्रतिष्ठित घरच्या मुलीचे काम मानले जात नव्हते. त्यामुळे सुरुवातीच्या मराठी ख्रिस्ती परिचारिकांनी दाखवलेले धैर्य शस्त्रक्रियांइतकेच महत्त्वाचे आहे.

कुष्ठरोग्यांसाठी वेगळे रुग्णालय आणि क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम ही पुढची पावले. सांगली व मिरज यांच्या दरम्यानच्या या आरोग्यधामाच्या परिसराला वानलेसवाडी हे नाव पडले. वानलेस यांना १९२८ मध्ये ‘सर’ हा किताब मिळाला. त्याच वर्षी ते निवृत्त होऊन अमेरिकेत परतले. तिथेच त्यांचे निधन झाले. डॉ. चार्ल्स व्हेल आदी सहकाऱ्यांनी काम पुढे नेले. १९६२ मध्ये मिरजेत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाले, तेव्हा त्याच्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष रुग्णांवरचे शिक्षण देण्यासाठी याच मिशन रुग्णालयाचा उपयोग झाला.