केमो सुरू व्हायच्या आधी एकदा येऊन जा

"केमोने गाठ गेली, मग आता ऑपरेशन कशाला?" आमच्या छोट्याशा क्लिनिकमध्ये ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशंट हे इतक्यांदा विचारतात की शेवटी म्हटलं लिहूनच ठेवू. गाठ हाताला लागत नाही, सोनोग्राफीतही दिसत नाही, छानच आहे, पण आत पेशी उरल्यात का हे ती जागा काढून मायक्रोस्कोपखाली बघितल्याशिवाय कळत नाही, म्हणून ऑपरेशन होतंच.

आता गाठच नाही तर जागा कशी सापडणार? त्यासाठी केमोच्या आधी गाठीत क्लिप सोडतात. टायटॅनियमची, दोन-तीन मिलिमीटरची, तिळाएवढी म्हणा ना. जागा बधिर करून सुईने टाकतात, एमआरआयला अडचण नाही, ऑपरेशनमध्ये निघून येते. पण "आता आणखी एक सुई नको" म्हणून बऱ्याच जणी टाळतात, चार-पाच महिन्यांनी येतात, जुन्या फिल्म्स घरीच राहिलेल्या, आणि मग आम्ही रिपोर्टातल्या दोन ओळींवरून जागेचा अंदाज बांधत बसतो. कधीकधी नाही जमत, आणि जो ब्रेस्ट वाचला असता तो पूर्ण काढावा लागतो. क्लिप म्हणजे बिल वाढवायचा धंदा असंही ऐकून झालंय. असो.

गाठ पुरेशी आटली तर तेवढाच भाग काढून ब्रेस्ट ठेवता येतो, पण मग रेडिएशन घ्यावंच लागतं. पूर्ण काढला की जास्त जगतो, असं काही नाही. लवकर सापडलेल्या कॅन्सरमध्ये दोन्हीकडे आयुष्य सारखंच, हे 20 वर्षं पेशंटवर लक्ष ठेवलेल्या दोन अभ्यासांत 2002 मध्येच छापून आलंय. मात्र सुरुवातीला कातडी लाल होऊन सुजली असेल (इन्फ्लमेटरी प्रकार) किंवा मॅमोग्राफीत दिसणारे कॅल्शियमचे ठिपके ब्रेस्टमध्ये सगळीकडे पसरलेले असतील तर पूर्णच काढायचा. हे ठिपके केमोने जात नाहीत, गाठ गेली तरी. नवीन ब्रेस्ट त्याच वेळी किंवा नंतर बनवता येतो, ते निवांत बोलू.

काखेत आधी गाठ होती का? मग तिथेही क्लिप हवी. केमोनंतर काख साफ झाली असेल तर तिथल्या सगळ्या ग्रंथी (लिम्फ नोड) न काढता क्लिपवाली आणि सेंटिनेल (कॅन्सर पसरताना आधी जिथे पोचतो त्या) अशा मोजक्याच तपासून भागू शकतं, हात सुजायची भीती कमी.

शेवटच्या केमोनंतर साधारण तीन ते सहा आठवड्यांत ऑपरेशन, आठच्या पुढे ढकलू नका. येताना केमोआधीच्या मॅमोग्राफीच्या फिल्म्स किंवा सीडी आणा, नुसता रिपोर्ट नको. क्लिपसाठी आधी फोन केलात तर सोनोग्राफी त्याच दिवशी करून देतो, केमो दुसरीकडे चालू होणार असली तरी.