बेळगावात धंदा आणि प्रशिक्षणाचं काम नक्की कुणाचं? थोडी पार्श्वभूमी

केंद्राची कारागिरांसाठीची विश्वकर्मा योजना असो, फेरीवाल्यांना कर्ज देणारी स्वनिधी असो नाहीतर शिलाई मशीन, आपल्याकडचा माणूस अर्ज घेऊन पहिल्यांदा जातो तो पालिकेत नाहीतर पंचायतीतच. तिथं त्याला सही मिळते, शिक्का मिळतो आणि पुढं बँकेत जा म्हणून सांगतात. हे असं का झालं त्याबद्दल थोडं.

जुनं जास्त लांबवत नाही. आपण १९५६ पर्यंत मुंबई राज्यात, शहापूर तर त्याआधी सांगली संस्थानात. बेळगावातल्या वडगाव, शहापूर, खासबाग या भागांतला विणकर शिकला तो घरातच, बापाच्या मागावर. पालिकेचा संबंध बाजाराची जागा, लायसन्स आणि घरपट्टी एवढाच. खानापुरात कुंभारकाम शिकवायची सोय झाली ती पण खादी-ग्रामोद्योगाची, गावच्या कारभाराची नाही.

खरा घोळ १९९२ च्या घटनादुरुस्त्यांचा, आणि याच्यावर कुणी बोलत नाही. पंचायतींसाठी २९ विषयांची यादी झाली, त्यात लघुउद्योग आहे, खादी आणि कुटीरोद्योग आहे, तांत्रिक प्रशिक्षण आणि व्यवसाय शिक्षण पण आहे. शहरांसाठी १८ विषयांची यादी झाली, त्यात कोंडवाड्याला आणि जन्म-मृत्यू नोंदणीला स्वतंत्र ओळ आहे पण लघुउद्योग आणि कामगाराचं प्रशिक्षण नावानिशी कुठंच नाही. काहीजण म्हणतात की ‘शहरी दारिद्र्य निर्मूलन’ आणि ‘आर्थिक विकासाचं नियोजन’ यात ते येतंच की. मला ते पटत नाही, कारण दारिद्र्य म्हटलं की बीपीएल कार्ड आलं, आणि उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फौंड्रीत पगारावर असलेला मोल्डर, म्हणजे ओतकामाचे साचे करणारा, त्यात बसत नाही, त्याला नवीन मशीनवरचं काम शिकायचं असलं तरी. आता बेळगावजवळच्या मच्छेचं बघा, औद्योगिक वसाहत तिथं, कामगार तिथले, काल ग्रामपंचायत होती आणि आता नगरपंचायत झाली, म्हणजे गाव वाढलं म्हणून कागदावरची जबाबदारीच गळून पडली! पंचायतीनं तरी फार काही केलं असतं असं नाही, पैसा राज्याच्याच हातात, पण निदान मागायला आधार होता.

मग शहरात उरतं काय तर बजेटमधला राखीव निधी, अनुसूचित जाती-जमातींचा २४.१० टक्के, इतर मागास-गरिबांचा ७.२५ आणि दिव्यांगांचा ५ टक्के. शिलाई मशीन येतात ती यातून. मशीन वाटणं एका दिवसाचं काम आहे, पण कटिंग, ब्लाऊज अंगाला नीट बसवणं, फॉल-पिको हे हातात यायला महिने लागतात आणि त्या महिन्यांसाठी तरतूद लागते.

२०१४ च्या फेरीवाला कायद्यानं जरा बदल झाला. फेरीवाल्यांसाठीच्या शहर समितीत ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांनी निवडून दिलेले पाहिजेत, दर पाच वर्षांनी सर्व्हे पाहिजे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये स्वनिधीचं पहिलं कर्ज १० हजाराचं, आणि ज्याच्याकडं ओळखपत्र नाही त्याला पालिकेचं शिफारसपत्र लागायचं. गणपत गल्लीतल्या हातगाडीवाल्याला त्या वेळी भांडायला नगरसेवकच नव्हता, कारण सभागृहाची मुदत २०१९ ला संपलेली, निवडणूक झाली सप्टेंबर २०२१ ला आणि महापौर बसला फेब्रुवारी २०२३ ला. इतका काळ सगळं अधिकाऱ्यांवर.

त्याच वर्षी सप्टेंबरात विश्वकर्मा आली. पहिली पडताळणी ग्रामपंचायत नाहीतर पालिका करते, मग ५ ते ७ दिवसांचं बेसिक ट्रेनिंग, रोज ५०० रुपये आणि अवजारांसाठी १५ हजार. शिंपी, कुंभार, सोनार, चर्मकार हे सगळे यात आहेत, म्हणजे अथणी-निपाणीकडचा कोल्हापुरी चप्पल करणारासुद्धा, ज्याच्या चपलेला २०१९ ला महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्ही राज्यांच्या जिल्ह्यांसकट जीआय, म्हणजे भौगोलिक ओळखीचा दर्जा, मिळालाय. पण १८ धंद्यांच्या त्या यादीत यंत्रमागवाला नाही, त्यामुळं वडगाव-खासबागमधली विणकरांची घरं यातूनही बाहेरच राहिली.