७७ अंक कमी पडतात, १७ पुरतात

सुडोकूत जितके कमी अंक दिलेले, तितकं कोडं अवघड, असा सर्रास समज आहे. तो खरा नाही. १७ अंकांची कित्येक कोडी चहा निवायच्या आत सुटतात आणि २४-२५ अंकांची काही तासभर हलू देत नाहीत. त्याहून नवल म्हणजे ८१ पैकी ७७ घरं भरून दिली, तरी कोड्याला दोन उत्तरं निघू शकतात.

चौकटीच्या वहीत मांडून पाहा. पहिली आणि तिसरी ओळ, दुसरा आणि पाचवा रकाना. ते जिथे छेदतात ती चार घरं. पहिल्या ओळीत ३ आणि ८, तिसरीत ८ आणि ३. आता या चार घरांत ३ च्या जागी ८ आणि ८ च्या जागी ३ लिहा. ओळींत तेच दोन अंक राहिले, रकान्यांतही तेच. चारही घरं दोनच चौकोनांत (३×३ घरांच्या गटांत) असल्यामुळे चौकोनही बिघडले नाहीत. दोन्ही उत्तरं बरोबर! म्हणून या चारांपैकी एक तरी अंक कोडं रचणाऱ्याने द्यायलाच हवा. तिसरीऐवजी पाचवी ओळ घेतली, तर मात्र घरं चार चौकोनांत विखुरतात आणि अदलाबदल केल्यावर पहिल्या चौकोनात ८ दोनदा येतो.

अशा गटांना अटळ संच म्हणू. काही चार घरांचे, काही सहाचे, काही बरेच मोठे. एखादा अंक कोड्यात एकदाही दिलेला नसेल तर चालतं, दोन नसतील तर नाही. ते दोन एकमेकांत बदलले की दुसरं उत्तर तयार. कारण इथे अंक ही निव्वळ चिन्हं आहेत, अ ते ओ लिहिलं तरी कोडं तेच.

१६ अंकांत भागेल का? डब्लिनचे गणितज्ञ गॅरी मॅग्वायर यांच्या गटाने याच संचांच्या आधारे उत्तर शोधलं. फिरवून, उलटवून, अंक बदलून सारख्याच ठरणाऱ्या मांडण्या एक धरल्या, की भरलेल्या मांडण्या ५४७ कोटी २७ लाख ३० हजार ५३८ उरतात. प्रत्येकीत अशी १६ घरं शोधायची, की प्रत्येक अटळ संचातलं निदान एक घर त्यांत यावं आणि उत्तर एकच निघावं. एकाही मांडणीत ती सापडली नाहीत. जानेवारी २०१२ मध्ये त्यांनी निकाल जाहीर केला: किमान १७.

सोडवतानाही हे कामाला येतं. अशा चार रिकाम्या घरांपैकी तिघांत ३ आणि ८ एवढेच पर्याय उरले असतील आणि चौथ्यात ३, ८, ५, तर चौथ्यात ५ लिहा. तिथे ३ किंवा ८ आला, तर दोन उत्तरं होतील. दोन गोष्टी आधी तपासा: चारही घरं दोनच चौकोनांत आहेत ना, आणि त्यांतला एकही अंक छापून आलेला नाही ना. कोड्याला एकच उत्तर आहे याची खात्री नसेल, तर ही युक्ती वापरू नका. तिचा सगळा भार त्याच गृहीतकावर आहे.